हृदयाच्या ऑपरेशननंतर मूल घरी आणताना: पहिले सहा ते आठ आठवडे

मी मिरजेत लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. हृदयाचं ऑपरेशन होऊन घरी गेलेली जी मुलं पुन्हा आमच्याकडे येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं ऑपरेशन उत्तम झालेलं असतं. चुकलेलं असतं ते घरी. ऑपरेशन पुण्यात किंवा मुंबईत होतं, आठ-दहा दिवसांनी मूल जतला, विट्याला, तासगावला परत येतं आणि पंधरावा दिवस उजाडला की अंगणात पळायला बघतं. तिथंच घर सैल पडतं. मूल दिसायला दोन-तीन आठवड्यांत बरं होतं, पण छातीचं मधलं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. बहुतेक चुका या मधल्या काळातल्या आहेत. काही घरं मुलाला कडेवर घेऊन जत्रेला जातात, तर काही घरं त्याला महिनाभर गादीवरून उतरूच देत नाहीत. दोन्हीनं नुकसानच होतं.

इथं लिहिलेलं आहे ते छातीचं मधलं हाड उघडून केलेल्या ऑपरेशनबद्दल, म्हणजे भोक बुजवणं, झडपेची दुरुस्ती वगैरे. छाती न उघडता, मांडीतून नळी घालून भोक बुजवणारी छत्री बसवली असेल, तर उचलण्याचे नियम तुम्हाला लागू नाहीत. आणि तुमच्या डिस्चार्ज कार्डावर यापेक्षा वेगळं काही लिहिलं असेल, तर कार्ड धरून चाला.

## टप्पा १ : डिस्चार्जच्या आधीचे दोन दिवस

सगळ्यात जास्त घाई याच दिवसांत होते. गाडी खाली उभी, आजी गावाकडून सारखा फोन करतेय, योजनेच्या कागदावर सह्या चालल्यात, आणि सिस्टर दारात उभी राहून पाच मिनिटांत औषधं सांगतेय. अशा वेळी सांगितलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशीच ही कामं उरकून घ्या, आणि याच क्रमानं.

१. औषधं डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच हातात घ्या. प्रत्येक बाटली कार्डाशी ताडून बघा. कार्डावर फक्त 'पाच मिलि' असं लिहिलेलं चालत नाही, औषध किती ताकदीचं तेही लिहून मागा. कारण औषधांच्या टप्प्यात (टप्पा ४) सांगते.

२. एक दिवस सगळी औषधं सिस्टरसमोर तुम्ही स्वतः द्या. सिरिंजमध्ये भरताना हात थरथरत असेल तर तो वॉर्डात थरथरू दे, घरी नको.

३. मुलाला उचलायचं कसं, ते करून दाखवायला सांगा. मग तुम्ही करून दाखवा. वडिलांनीही.

४. चार प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांना विचारा: पाणी-दूध मोजून द्यायचं का? मीठ कमी करायचं का? अंघोळ कधीपासून? छातीच्या नळ्यांचे टाके कोण आणि कधी काढणार?

५. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल, तर पुढच्या तपासणीचं आणि औषधांचं योजनेत काय बसतं, ते आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला, निघण्याआधीच विचारा. घरी आल्यावर हे कळायला फार हेलपाटे पडतात.

फाईलमधल्या कागदांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, नवरा-बायको दोघांच्याही. डिस्चार्ज कार्ड, शेवटचा इको (हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट), औषधांची यादी, रक्तगट. मूल रात्री दोनला धापा टाकायला लागलं की फाईल कपाटात कुठं ठेवली ते आठवत नाही.

तपासून बघा: मुलाचं डिस्चार्जच्या दिवशीचं वजन कार्डावर लिहिलंय का? नसेल तर लिहून घेतल्याशिवाय निघू नका. पुढचा सगळा हिशेब त्या आकड्यावर आहे.

## टप्पा २ : मूल येण्याआधी घर तयार करा

हे काम घरी थांबलेल्यांचं. मूल आल्यावर करायचं नाही, आधी करायचं.

चूल असेल तर मुलाची खोली चुलीपासून लांबची. सहा आठवडे अंघोळीचं पाणीही शक्य झालं तर गॅसवर तापवा. बाळाला शेक-धुरी द्यायची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे, ती या वेळी बंद. आणि दृष्ट. मला माहीत आहे, एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठून आलेल्या लेकराची दृष्ट काढल्याशिवाय आजीचा जीव राहणार नाही. काढा, पण मीठ-मोहऱ्यांनी. मिरच्या विस्तवावर टाकायच्या असतील तर घराबाहेर, आणि मूल आत असताना. त्या ठसक्यानं एकदा खोकल्याची उबळ आली, की टाके असलेल्या छातीला काय यातना होतात, ते मी बघितलंय.

द्राक्षाच्या पट्ट्यात राहत असाल तर छाटणीनंतर फवारणी कधी आहे, ते शेजारच्या बागायतदाराला विचारून ठेवा. फवारणी सुरू असताना खिडक्या बंद, मूल आतल्या खोलीत. उसाचा फड पेटवला तरी तेच. घरातली बिडी-सिगारेट तर उंबऱ्याच्याही बाहेर गेली पाहिजे.

झोपायला जमिनीवरच्या गादीपेक्षा बुटकी कॉट किंवा दिवाण बरा. जमिनीवरून उठताना मूल हातावर भार देतं, आणि नेमकं तेच टाळायचंय. समोरून उघडणारे सैल शर्ट, झबली काढून ठेवा. डोक्यातून घालायचे कपडे सहा आठवडे नकोत.

आता पाहुणे. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हा माणुसकीचा भाग आहे, त्याला नाही म्हणायची चोरी वाटते. पण पहिले दोन आठवडे घरच्यांशिवाय कुणी नको, आणि सर्दी-खोकला झालेला माणूस तर घरचा असला तरी खोलीत नको. भावकीत एकदाच सगळ्यांना सांगा: "डॉक्टरांनी महिनाभर भेटू नका म्हणून सांगितलंय, पोरगं चांगलं आहे, व्हिडिओ कॉल करा." वाईटपणा डॉक्टरांच्या माथी मारा. आम्हाला चालतं.

पावसाळ्यात ऑपरेशन झालं असेल आणि तुम्ही कृष्णाकाठी, पलूस-वाळवा-मिरज भागात राहत असाल, तर आणखी एक. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपण बघितलाय. रस्ते बंद झाले की मेडिकलपर्यंतही जाता येत नाही. पंधरा दिवसांची औषधं कायम शिल्लक ठेवा, आणि फाईल जाड प्लास्टिकच्या पिशवीत. पाणी वाढतंय म्हटल्यावर ज्या पहिल्या घरानं बाहेर पडायचं, ते तुमचं.

## टप्पा ३ : प्रवास

पुण्याहून सांगली म्हणजे रस्त्यावर निदान साडेचार-पाच तास, जत-आटपाडीला त्याहून जास्त. या काळात मोटारसायकल तर नाहीच, एसटीही टाळा. गाडी भाड्यानं घेतली तर ड्रायव्हरला आधीच सांगा की घाई नाही, स्पीडब्रेकरवर गाडी दमानं घ्यायची.

मूल मागच्या सीटवर. पट्टा लावायचाच, फक्त छाती आणि पट्टा यांच्यामध्ये घडी घातलेला मऊ टॉवेल किंवा छोटी उशी ठेवा. 'छातीला लागेल' म्हणून पट्टा न लावणं ही फार मोठी चूक आहे. करकचून ब्रेक लागला की पट्टा नसलेलं मूल छातीवरच आदळतं. दीड-दोन तासांनी थांबा, मोठ्या मुलाला चार पावलं चालवा. दुखण्याच्या औषधाची वेळ अशी जुळवा की खराब रस्ता येण्याआधी अर्धा-पाऊण तास ते पोटात गेलेलं असेल.

इशारा: वाटेत नवस फेडायला, देवाला थांबायला नको. देव सहा आठवडे थांबेल. गर्दीतली सर्दी थांबत नाही.

## दारामागे लावायचा कागद

पुढं वाचण्याआधी हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि दारामागे चिकटवा. खाली ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलचा आणि तुमच्या जवळच्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर.

लगेच १०८ ला फोन: ओठ-जीभ निळसर किंवा राखाडी पडणं, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, कण्हणं, मूल बेशुद्ध पडणं किंवा हलवूनही नीट जागं न होणं, फिट येणं.

त्याच दिवशी डॉक्टर: १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, जखमेतून पू, दुर्गंधी, वाढती लाली, श्वास घेताना किंवा वळताना छातीच्या हाडात 'टक' असा आवाज, पापण्या-पाय सुजणं, लघवी निम्म्यावर येणं, सारख्या उलट्या, बाळ दूध ओढताना दमणं, कपाळावर घाम येणं.

तापमापक घरात नसेल तर आज आणा. हात लावून 'अंग कोमट लागतंय' हे डॉक्टरांना फोनवर सांगून काही कळत नाही.

## टप्पा ४ : औषधं

वर ताकद लिहून घ्या म्हटलं, त्याचं कारण हे. दुखण्यासाठी आणि तापासाठी पॅरासिटामॉल देतात. साधारण प्रमाण एका किलोला १५ मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. बाजारात हेच औषध ५ मिलिमध्ये १२० मिलिग्रॅमच्या ताकदीत मिळतं आणि २५० मिलिग्रॅमच्याही. पहिल्यातलं साडेसात मिलि द्यायचं, दुसऱ्यातलं साडेतीन मिलिच्या किंचित वर. कवठेमहांकाळकडच्या एका आईनं कार्डाप्रमाणं अगदी चोख साडेसात मिलि दिलं होतं. पण पहिली बाटली संपल्यावर गावातल्या दुकानातून आलेली नवी बाटली २५० ची होती. खोकं सारखंच, रंगही तोच गुलाबी. दोन दिवस पोरीला दुप्पट औषध जात होतं. आम्ही फोनवर सहज विचारलं, "बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा बरं," तेव्हा कळलं. त्या आईची यात काही चूक नव्हती. साडेसातच्या पुढं ताकद लिहायची राहिली, ती आमच्यासारख्यांची चूक. तेव्हापासून मी प्रत्येक बाटलीवर मार्करनं मुलाचं नाव आणि मिलि लिहून देते. तुमच्याकडं तसं लिहून आलं नसेल तर तुम्ही लिहा.

१. मोजायला सिरिंज किंवा बाटलीसोबतचं माप. घरातला चमचा कधीच नाही, एकेका घरात तीन मापांचे चमचे असतात.

२. भिंतीवर वहीचं पान लावा: औषध, वेळ, कुणी दिलं, सही. आई आणि आजी दोघींनी वेगवेगळं देऊन डोस दोनदा जाणं हे नेहमीचं आहे.

३. लघवीचं औषध दिवसातून दोनदा असेल, तर दुसरा डोस संध्याकाळी उशिरा न देता दुपारी तीन-चारला चालेल का, ते विचारून घ्या. नाहीतर मूल रात्रभर लघवीला उठतं आणि सगळं घर जागं.

४. औषध दिल्यावर उलटी झाली तर मनानं परत देऊ नका, फोन करा. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचं नाही.

५. पॅरासिटामॉल दोन वेळांत निदान चार ते सहा तासांचं अंतर ठेवून, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही.

हृदयाचं कुठलंही औषध 'आता चांगला आहे' म्हणून बंद करू नका. औषध चाललंय म्हणूनच तो चांगला दिसतोय.

इशारा: अशक्तपणा वाटतोय म्हणून गावात सलाईन लावून घेऊ नका. नुकतंच ऑपरेशन झालेल्या हृदयावर ते जादा पाणी ओझं टाकतं. खोकल्याची बाटली, आयुर्वेदिक काढा, कुणाच्या सांगण्यावरून आणलेली मुळी, सगळं आधी विचारून. रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा ॲस्पिरिन चालू असेल तर दंडात-कमरेत इंजेक्शन देऊ पाहणाऱ्याला आधी कार्ड दाखवा. ॲस्पिरिन चालू असताना घरात कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला, तर त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांना कळवा.

रोज सकाळी, शी-शू झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत वजन. काटा नसेल तर अंगणवाडीत विचारा. दोन दिवस लागोपाठ वजन चढलं आणि सोबत पापण्या जड दिसल्या, तर ते बाळसं नव्हे, अंगात साठलेलं पाणी आहे. आजी खूश होते, पोर भरलं म्हणते. आईनं फोन करायचा.

## टप्पा ५ : उचलणं

एक सोडून बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका: काखेत हात घालून उचलायचं नाही. सहा ते आठ आठवडे, कुणीच नाही.

आपण सगळे मुलाला तसंच उचलतो. दोन्ही काखांत हात, वर झोका, कडेवर. छातीचं मधलं हाड ऑपरेशनमध्ये उभं कापून परत तारेनं किंवा जाड दोऱ्यानं बांधलेलं असतं. काखेतून उचललं की दोन्ही बाजू एकमेकींपासून ओढल्या जातात. जत तालुक्यातला एक सहा वर्षांचा मुलगा अकराव्या दिवशी घरी पोचला. मामा फाट्यावर घ्यायला आला होता. भाच्याला बघून त्याला राहवलं नाही, त्यानं गाडीतून उतरवताना काखेत धरून उचललं आणि छातीशी घट्ट धरलं. मुलगा असा किंचाळला की फाट्यावरची माणसं गोळा झाली. एक्स-रे नशिबानं नीट आला. पण त्यानंतर पंधरा दिवस तो कुणाला अंगाला हात लावू देत नव्हता, औषधालासुद्धा. मामाच्या प्रेमात खोट नव्हती, त्याला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. तुमच्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगा.

बाळ आणि लहान मूल: एक हात मानेखाली-पाठीखाली, दुसरा ढुंगणाखाली. दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतल्यासारखं, आडवंच उचला, मग छातीशी उभं धरा. ठेवताना उलट क्रम.

चालतं मूल: उचलूच नका. ते आधी कुशीवर वळेल, पाय कॉटच्या खाली सोडेल, तुम्ही पाठीमागून हाताचा आधार द्याल, ते पायांच्या जोरावर उठेल. हात ओढून बसतं करायचं नाही. पाळण्यातल्या बाळाला दोन्ही हात धरून 'उठ रे राजा' करतात, तेही बंद.

आजपासून बंद: पालथं झोपवणं, घोडा-घोडा, सायकल, झाडावर चढणं, विहिरीवर पोहणं, दाराची कडी उंचावर ओढणं, दप्तर. मोठ्या मुलानं पाण्याचा तांब्या उचलला तर चालेल, कळशी नाही.

पण याचा अर्थ हात हलवायचेच नाहीत असा नव्हे. दुखेल या भीतीनं मुलं खांदे पुढं घेऊन वाकून बसतात आणि तशीच राहतात, सहा आठवड्यांनी पाठ सरळ होत नाही. स्वतःचे केस विंचरणं, स्वतःच्या हातानं जेवणं, खांदे हळूच गोल फिरवणं, हे सगळं रोज हवं.

तपासून बघा: मुलाच्या छातीवर हलका तळहात ठेवा आणि त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगा. हाताखाली हाड सरकल्यासारखं किंवा टकटकल्यासारखं लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

## टप्पा ६ : जखम आणि अंघोळ

सांगलीची हळद साऱ्या देशात जाते, आणि आपल्या प्रत्येक घरात जखमेवर पहिला हात तिच्याच डब्याकडे जातो. या जखमेवर नाही. डब्यातली हळद कितीही चोख असली तरी निर्जंतुक नसते, आणि तिच्या पिवळ्या रंगाखाली लाली किंवा पू वेळेवर दिसतच नाही. तेल, तूप, पावडर, अंगारा, मलम, काहीच नाही. अंगारा कपाळाला लावा.

घरातले सगळे मधल्या लांब जखमेकडे बघत राहतात. खाली, पोटाच्या वर, नळ्यांची दोन-तीन छोटी भोकं असतात, त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नसतं. पाणी बहुधा तिथूनच येतं. रोज एकाच वेळी, उजेडात, हात धुऊन दोन्ही बघा. मोबाईलनं फोटो काढून ठेवला तर कालची आणि आजची लाली ताडता येते.

डॉक्टर हो म्हणेपर्यंत अंग पुसून घ्या. परवानगी मिळाली की तांब्यानं खांद्यावरून पाणी सोडा, जखमेवर थेट धार नको. टबात, हौदात, कॅनॉलवर बसवायचं नाही. साबण हातावर घेऊन हलका फिरवा. मऊ सुती कपड्यानं टिपा, घासू नका. मालिश पूर्ण बंद. खपली आपोआप पडू द्या, ती काढण्याचा मोह मुलापेक्षा मोठ्यांनाच जास्त होतो. मुलाची नखं कापून ठेवा, खाज सुटतेच.

जखमेच्या वरच्या टोकाला छोटा उंचवटा दिसला तर घाबरू नका. बऱ्याच मुलांना येतो आणि काही महिन्यांत बसतो. तो लाल, गरम किंवा मऊ लिबलिबीत झाला तर मात्र दाखवा.

## टप्पा ७ : जेवण आणि पोट

भूक आठवडा-दोन आठवडे मंदच असते. ताटभर वाढून मागं लागण्यापेक्षा दिवसातून सहा वेळा थोडं-थोडं द्या. मऊ वरण-भात, तूप घालून मुगाची खिचडी, अंडं, दुधात कुस्करलेली भाकरी, खपली गव्हाची खीर, नाचणीचं सत्त्व. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून डाळ, अंडं, दूध, दही यांतलं काहीतरी रोज पोटात गेलंच पाहिजे. ऑपरेशननंतर अंडं-मटण 'उष्ण' पडतं, पू धरतं, हा समज सोडून द्या. खात असाल तर बिनधास्त द्या, फक्त नीट शिजवून.

लघवीचं औषध चालू असेल आणि मीठ कमी सांगितलं असेल, तर लोणचं, पापड, फरसाण, आणि आपलं भडंग बंद. बाहेरून भेटायला येणारा हमखास भडंगाची पुडी घेऊन येतो.

पोट साफ होत नसेल तर मूल कुंथतं, आणि कुंथलं की छातीत कळ येते. रात्री पाच-सहा बेदाणे धुऊन भिजत घाला, सकाळी कुस्करून त्या पाण्यासकट द्या. लहान मुलाला अख्खा बेदाणा नको, घशात अडकतो. पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर हे पाणीही त्या मापात धरा. तीन दिवस शौच झालं नाही तर डॉक्टरांकडून औषध घ्या. एरंडेल नाही.

बाळ अंगावर पीत असेल तर पाजताना मध्येमध्ये थांबा, श्वास घेऊ द्या. वीस-पंचवीस मिनिटांत दमून झोपत असेल आणि पोट भरत नसेल, तर तसं कळवा.

## टप्पा ८ : श्वास आणि चालणं

हॉस्पिटलातून तीन रंगीत चेंडूंचं यंत्र दिलेलं असतं. दहा घरांतल्या निम्म्या घरांत मला मूल त्यात फुंकताना दिसतं. ते फुंकायचं नाही, ओढायचं आहे. हवा बाहेर सोडून द्यायची, नळी ओठांत धरायची, आणि उसाचा रस पिताना ओढतो तसा श्वास आत घ्यायचा. चेंडू वर गेला की दोन-तीन आकडे धरून ठेवायचा. जागेपणी तासाला दहा वेळा. तिन्ही चेंडू पहिल्या दिवशी वर जात नाहीत, एकावर समाधान माना.

चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला हे जमत नाही. त्याला जत्रेतलं भिरभिरं द्या, साबणाचे फुगे द्या. रबरी फुगा नको, फुटलेला तुकडा घशात जातो.

खोकला आला की मऊ उशी किंवा गोधडीची घडी दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरायला शिकवा, मग खोकू दे. खोकला दाबायचा नाही, आत साठलेला कफ बाहेर पडणं गरजेचं आहे.

चालणं पहिल्या दिवसापासून. आधी घरातल्या घरात, मग अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, रोज थोडं वाढवत. माप सोपं आहे: चालताना मूल तुमच्याशी बोलू शकतंय ना? बोलताना अडखळलं की बसवा. दुपारी एक झोप हवीच.

## टप्पा ९ : मन

घरी आल्यावर पाच वर्षांचं मूल पुन्हा गादी ओली करतं, आईचा पदर सोडत नाही, रात्री दचकून उठतं. हे लाडावणं नव्हे. अनोळखी खोलीत, नळ्या लावलेल्या अवस्थेत, आईशिवाय रात्री काढलेलं ते लेकरू आहे. बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. ओरडू नका, भावंडांना चिडवू देऊ नका, रात्री दिवा बारीक ठेवा.

एक वाक्य तुमच्या घरातून कायमचं जाऊ द्या: "जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील." या मुलाला पुढची कित्येक वर्षं डॉक्टरांकडे यायचंय. टाके काढायला नेताना "काही नाही करणार" असंही सांगू नका. "थोडं दुखेल, मी हात धरीन, पाच अंक मोजेपर्यंत होईल" असं सांगा. एका आजीनं नातवाच्या अस्वलाच्या छातीवर लाल दोऱ्यानं टाके घातले होते, आणि रोज सकाळी नातू आधी अस्वलाची जखम बघायचा, मग स्वतःची बघू द्यायचा. असं काहीतरी घरीच सुचतं.

## टप्पा १० : तपासणी, शाळा आणि पुढचे सहा महिने

पहिली तपासणी चुकवू नका, मूल कितीही ठणठणीत दिसलं तरी. ऊसतोड, छाटणी, लग्नसराई, काही का असेना. काही मुलांत ऑपरेशननंतर पहिल्या ते सहाव्या आठवड्यात हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज येते, पाणी साठतं. ताप, छातीत दुखणं, आडवं झोपलं की जास्त त्रास, खाणं कमी, चिडचिड. घरी वाटतं हवा बदलली, गावातला डॉक्टर सर्दीचं औषध देतो, आणि चार दिवस जातात. या काळातल्या कुठल्याही तापाला 'छातीचं ऑपरेशन झालंय' हे पहिल्या वाक्यात सांगा.

शाळा साधारण चार ते सहा आठवड्यांनी, डॉक्टर सांगतील तेव्हा. पहिला आठवडा अर्धा दिवस. जाण्याआधी तुम्ही स्वतः शाळेत जाऊन बाईंना भेटा आणि लिहून द्या: दप्तर उचलायचं नाही, पाठीवर धपाटा, ढकलाढकली नाही, कवायत, कबड्डी, खो-खो तीन महिने किंवा डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही, दमला तर बसू द्यायचं, लघवीला विचारलं की लगेच सोडायचं. मुलाला दाराजवळचा बाक मागून घ्या. सुटीच्या वेळी त्याच्याबरोबर राहील असा एखादा समंजस मित्र बाईंनाच निवडायला सांगा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. तुमच्या मुलाचा दोष कदाचित त्यांनीच शोधला असेल. ते आले की ऑपरेशनचे कागद दाखवा, म्हणजे पुढची तपासणी त्यांच्याकडेही नोंदली जाते.

लसींचं कार्ड तपासणीच्या दिवशी सोबत न्या. ऑपरेशनमध्ये रक्त दिलेलं असेल तर गोवरासारख्या काही लसी लांबवाव्या लागतात, म्हणून आशाताईंना परस्पर हो म्हणण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांकडून तारीख लिहून घ्या.

आणि दात. किडक्या दातांतले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊन तिथं ठाण मांडू शकतात. रोज दोनदा ब्रश, मिश्री-राख नाही. ऑपरेशनमध्ये कृत्रिम तुकडा लावून भोक बुजवलं असेल, तर निदान सहा महिने दात काढण्या-भरण्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस लागू शकतो, काही मुलांना त्यानंतरही. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसवण्याआधी फाईल त्यांच्या टेबलावर ठेवा.